मुलाचं सकाळचं सिरीयल खरंच हेल्दी आहे का? पाकीट नक्की कसं वाचायचं?

कोलशेतची_प्राजू:

नमस्कार, ठाण्यात कोलशेतला राहते, मुलगा दुसरीत आहे. सकाळी ६:४० ला व्हॅन येते आणि त्याच्या आधी त्याच्या पोटात काहीतरी ढकलायचं म्हणजे रोजची लढाई. पोहे दिले की शेंगदाणे वेचून ताटाच्या कडेला, उपमा तोंडात धरून बसतो गिळतच नाही, पोळीचा रोल दिला तर अर्धा व्हॅनमध्ये पडलेला असतो असं व्हॅनवाले काका सांगतात. मग गेल्या वर्षी ते चॉकलेटी शंखांचं पाकीट आणलं आणि प्रश्नच मिटला, वाटीभर शंख, वर थंड दूध, पाच मिनिटांत वाटी चाटूनपुसून साफ आणि खाली उरलेलं चॉकलेटी दूधही पिऊन टाकतो.

आता सासूबाई साताऱ्याहून आल्यात दोन महिन्यांसाठी. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन शंख तोंडात टाकले आणि म्हणाल्या, "अगं ही तर बिस्किटं आहेत, दुधात बुडवून देतेयस." मला खरं सांगते रागच आला, मी म्हटलं आई त्याच्यात व्हिटॅमिन आहेत, लोह आहे, पाकिटावर लिहिलंय. त्या काही बोलल्या नाहीत. पण ते डोक्यातून जाईना म्हणून रात्री सगळे झोपल्यावर पाकीट घेऊन ओट्यापाशी बसले. समोर गव्हाची कणसं, दुधाचा ग्लास, होल ग्रेन, सगळं छान. मागे बारीक अक्षरात घटक वाचले तर पहिलं गव्हाचं पीठ आणि दुसऱ्याच नंबरला साखर. १०० ग्रॅममध्ये साखर ३० ग्रॅम. पण शेजारच्या रकान्यात एका सर्विंगला ९ ग्रॅम आणि पुढे १८ टक्के असं काहीतरी आहे, म्हणजे मग ते कमीच झालं ना?

मला हे नीट समजून घ्यायचंय. कॉर्नफ्लेक्स, म्युसली, ओट्स, हे शंख, यात खरंच फरक आहे की सगळं एकच? आणि दुकानात उभं राहून दोन मिनिटांत कसं ठरवायचं? कृपया बंदच करा असं नुसतं सांगू नका, माझ्याकडे सकाळी वीस मिनिटं असतात.

तळोजा_क्वालिटी:

प्राजूताई, मी नेरूळला राहतो, फूड टेक्नॉलॉजी शिकलोय आणि तळोजा एमआयडीसीत बरीच वर्षं क्वालिटीचं काम केलंय, त्यामुळे जरा लांबण लागेल, वाचा सावकाश.

तुम्ही पाकीट उलटं केलंत तिथेच निम्मं काम झालं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, हा आपल्याकडे एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे, त्यामुळे साखर दुसऱ्या नंबरला म्हणजे पिठाखालोखाल त्या पाकिटात साखरच आहे. आणि कधीकधी ती एकाच नावाने नसते. साखर, मग खाली लिक्विड ग्लुकोज, मग इन्व्हर्ट सिरप, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, मध, अशी वेगवेगळी नावं विखुरलेली असतात, प्रत्येकाचं वजन थोडं थोडं असल्यामुळे यादीत खाली जातात, पण सगळी एकत्र केली तर वर येतील. माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर, दिसलं तर तेही लक्षात ठेवा, साखरेच्या आकड्यात ते मोजलं जात नाही पण रक्तात साखर त्यानेही झपाट्याने वाढते.

आता तो १८ टक्क्यांचा घोळ. लेबलवरचे टक्के हे मोठ्या माणसाच्या २००० कॅलरीच्या आहारावर काढलेले असतात, त्यात दिवसाची वरून घातलेली साखर ५० ग्रॅम धरलेली असते. ९ भागिले ५० म्हणजे १८ टक्के, गणित बरोबर आहे, पण ते तुमच्या-माझ्यासाठी. दुसरीतल्या मुलाला दिवसाला साधारण १५०० ते १७०० कॅलरी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलंय की अशी साखर एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, आणि ५ टक्क्यांच्या आत आणली तर आणखी चांगलं. मुलाच्या हिशोबाने ५ टक्के म्हणजे जेमतेम १९ ते २१ ग्रॅम, सगळ्या दिवसात, त्यात बिस्किट, जॅम, केचप, वाढदिवसाचं चॉकलेट सगळं आलं.

दुसरी गोष्ट ते सर्विंग. ९ ग्रॅम साखर लिहिलीय म्हणजे एक सर्विंग ३० ग्रॅमचं धरलंय. ते ३० ग्रॅम म्हणजे किती हे तुम्ही घरी वजनकाट्यावर बघा, माझी विनंती आहे. उद्या सकाळी मुलाला नेहमीसारखी वाटी भरू द्या, दूध ओतायच्या आधी काट्यावर ठेवा आणि इथे आकडा लिहा. तोपर्यंत मी पुढचं काही बोलत नाही.

फरक आहे का विचारलंत, तर आहे, आणि तो बनवण्याच्या पद्धतीत आहे. शंख, गोळे, रिंगा हे सगळं एक्स्ट्रुडरमधून येतं. पीठ, साखर, पाणी एका बंद नळीत स्क्रूने दाबत नेतात, आत प्रचंड दाब आणि उष्णता असते, तोंडाशी साचा असतो, तिथून बाहेर पडलं की दाब एकदम सुटतो आणि ते फुलतं, मग वर साखरेचा पाक फवारून सुकवतात. पीठ आतच इतकं शिजलेलं असतं की पोटाला काही कामच उरत नाही, खाल्लं की लगेच पचतं आणि लगेच भूक लागते. कॉर्नफ्लेक्सची पद्धत वेगळी, मक्याचा कोंडा आणि अंकुर काढून उरलेला भरडा वाफेवर मीठ, साखर, माल्ट घालून शिजवतात, रोलरखाली चपटा करतात आणि भाजतात. साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये १०० ग्रॅमला ८-१० ग्रॅमच साखर असते त्यामुळे लोकांना वाटतं हे चांगलं, पण कोंडा गेलेला असल्याने तंतू (फायबर) नाहीत आणि ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते त्याचा आकडा (नुसतं ग्लुकोज १०० धरून), ८० च्या आसपास जातो. जाड रोल्ड ओट्सचा ५५ च्या आसपास, आणि गंमत बघा, तेच ओट्स बारीक करून इन्स्टंट केले की पुन्हा ८० च्या जवळ. धान्य तेच, दाणा जितका मोडाल तितका फरक पडतो.

म्युसलीचं म्हणाल तर पाकीट पारदर्शक असेल तर लाल-केशरी चौकोनी तुकडे शोधा. ते फळ म्हणून लिहिलेलं असतं पण बरेचदा ती साखरेत मुरवलेली पपई असते, म्हणजे आपली टूटीफ्रूटी. फळं आणि मध लिहिलेली म्युसली घेण्यापेक्षा साधी घ्या आणि वरून केळं कापून घाला.

दुकानात दोन मिनिटं असतील तर समोरची बाजू वाचूच नका, ती जाहिरात आहे. मल्टीग्रेन म्हणजे फक्त धान्यं अनेक, अख्खी असतीलच असं नाही. मागे १०० ग्रॅमचा रकाना बघा, सर्विंगचा नाही. ब्रिटनमध्ये पाकिटावर लाल-पिवळा-हिरवा रंग देतात, तिथे १०० ग्रॅमला साडेबावीस ग्रॅमच्या वर साखर गेली की लाल आणि ५ च्या आत असली तर हिरवा. तो हिशोब मी स्वतः वापरतो. तंतू ६ ग्रॅमच्या वर असतील तर आपल्या नियमाप्रमाणेही त्याला हाय फायबर म्हणता येतं. आणि सोडियमचा आकडा अडीचने गुणा म्हणजे मीठ कळतं, ५०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सव्वा ग्रॅम मीठ, गोड पदार्थात इतकं मीठ असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

दुधाच्या ग्लासाबद्दल एक सांगतो. पाकिटावरचं प्रोटीन, कॅल्शियम बरेचदा दुधासकट मोजलेलं असतं, म्हणजे गोठ्याचं पुण्य कारखान्याच्या खात्यात. ब्रिटनमध्ये केलॉग्ज ही सिरीयल कंपनी २०२२ साली अशाच मुद्द्यावर कोर्टात गेली होती, की आमचं सिरीयल दुधासोबत खातात म्हणून त्यातलं साखरेचं वगैरे प्रमाण दूध धरून मोजा, आणि हायकोर्टाने ते मान्य केलं नाही.

वर्तकनगरचा_बाबा:

वरच्या साहेबांनी कॉर्नफ्लेक्सबद्दल लिहिलंय ते मी अंगावर अनुभवलंय म्हणून लिहितो. वय ५८, डायबेटीस ९ वर्षं. रिटायर व्हायच्या आधी कुणीतरी सांगितलं की पोहे-साबुदाणा सोडा, कॉर्नफ्लेक्स हलके असतात, म्हणून दोन वर्षं रोज सकाळी मोठा बोल कॉर्नफ्लेक्स आणि साय काढलेलं दूध, वर साखर अजिबात नाही. मला वाटायचं मी किती पथ्य पाळतोय. तीन महिन्यांची शुगर वाढतच होती आणि मी रात्रीच्या भाताला दोष देत होतो, भात बंद केला, बायकोशी चिडचिड केली.

मग मुलीने घरी ग्लुकोमीटर आणून दिला आणि म्हणाली बाबा नाश्त्यानंतर दोन तासांनी मोजा, रोज वेगळं खाऊन. कॉर्नफ्लेक्सच्या दिवशी २१८. दुसऱ्या दिवशी भाजणीचं एक थालीपीठ आणि दही, १६१. मूगडाळीचे दोन घावन, १५४. मसाला ओट्सचं पाकीट, १९६, आणि ते ओट्स म्हणून मी अगदी डोळे मिटून घेतलं होतं. जाड ओट्स शिजवून त्यात दाण्याचं कूट आणि काकडी घातली तेव्हा १६३. हे माझे आकडे, माझ्या शरीराचे, दुसऱ्याचे वेगळे येतील आणि औषधं डॉक्टरांना विचारूनच, पण मला जे दोन वर्षांत कळलं नाही ते आठ दिवसांत कळलं. गोड नाही म्हणजे साखर वाढवत नाही, हा माझा समज पूर्ण चुकीचा होता. माझ्या वयाच्या कुणाला कॉर्नफ्लेक्स हलके म्हणून सुरू असतील तर एकदा मोजून बघा, कळकळीने सांगतोय.

ऐरोली_स्टेशन:

मी थोडं वेगळं बोलणार आहे, कुणी वाईट वाटून घेऊ नका. मी ठाण्यातच नोकरीला आहे, ऐरोलीहून ७:२० ची ट्रेन पकडते, नवऱ्याची शिफ्ट, घरात तिसरं माणूस नाही. इथे सगळे सिरीयलची तुलना थालीपिठाशी करतायत, पण खऱ्या आयुष्यात सिरीयल नसेल तर मूल थालीपीठ खात नाही हो, खारी खातं, नाहीतर चहात बुडवून टोस्ट, नाहीतर उपाशी जातं. माझी मुलगी पाचवीत असताना हिमोग्लोबिन ९.२ आलं होतं. त्या काळात लोह घातलेले साधे व्हीट फ्लेक्स आणि दूध एवढंच ती न रडता खायची. त्याने बरी झाली असं म्हणत नाही, औषध चालू होतं, पण कपभर दूध तरी रोज पोटात जायचं, माझ्यासाठी ती मोठी गोष्ट होती.

आणि पोह्यांचंही जरा खरं बोलूया. नुसते कांदेपोहे, चार शेंगदाणे आणि वर शेव, हा सुद्धा बहुतेक पिष्टच आहे. मटार, मोड आलेले मूग, वर लिंबू असं घातलं तर गोष्ट वेगळी. रव्याच्या उपम्याचं तेच. घरचं आहे म्हणून आपोआप पौष्टिक होत नाही. प्राजू, तू चुकलीस असं मनात आणू नकोस, फक्त पाकीट बदल.

तळोजा_क्वालिटी:

ऐरोलीताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, उपाशी मुलापेक्षा साधे फ्लेक्स केव्हाही बरे. लोहाबद्दल थोडी भर घालतो. बऱ्याच सिरीयलमध्ये लोहाची बारीक भुकटीच घातलेली असते. फ्लेक्सचा चुरा करून पाण्यात कालवा, पारदर्शक पिशवीत भरा आणि बाहेरून जोरदार चुंबक फिरवा, काळे कण चुंबकामागे गोळा होताना दिसतात. खायला सुरक्षितच आहे, मुलांना दाखवा, फार आवडतं. पण हे लोह अंगी लागायला व्हिटॅमिन सी लागतं, आणि दुधातल्या कॅल्शियममुळे ते थोडं कमी शोषलं जातं, चहाने तर आणखी कमी. म्हणून सोबत पेरू किंवा संत्र्याच्या दोन फोडी द्या.

आणि त्या चॉकलेटी दुधात वरून आणखी चॉकलेट पावडर कुणी घालत असेल तर ती आधी थांबवा. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांना बोर्नव्हिटासकट अशी पेयं हेल्थ ड्रिंकच्या गटातून काढायला सांगितली होती, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक अशी व्याख्याच नाही.

नौपाडा_सुमनमावशी:

प्राजू, तुझ्या सासूबाईंच्या वयाचीच मी. तू लेकरासाठी रात्री उठून पाकीट वाचत बसलीस, ते वाचून बरं वाटलं. आमच्या लहानपणी पण दुधात कुरकुरीत काहीतरी घालून खायचोच की आम्ही, ज्वारीच्या लाह्या, राजगिऱ्याच्या लाह्या, वर जरासा गूळ. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या घरी फोडायचो, डबाभर उरायच्या, त्या आठ दिवस दुधातून खायच्या. वाटीत दूध ओतलं की कसा बारीक चुरचुर आवाज येतो, तो ऐकायला आम्ही भावंडं वाटीला कान लावून बसायचो. जांभळी नाक्याच्या बाजारात वाणसामानाच्या दुकानात राजगिऱ्याच्या लाह्या मिळतात, पाव किलोची पिशवी केवढी मोठी होते बघ. आणि नाचणीचं सत्त्व करून ठेव, दोन मिनिटांत शिजतं, नाचणीत कॅल्शियम भरपूर. फक्त सत्त्व वस्त्रगाळ केलं की कोंडा निघून जातो, म्हणून मी आता मोड आणून सुकवून नुसती दळते, गाळत नाही. जरा खरखरीत लागतं पण चालतं.

तळोजा_क्वालिटी:

मावशी, लाह्यांचा मुद्दा फार चांगला काढलात. खरं ते सांगायला हवं, लाह्या पण फुलवलेल्याच असतात त्यामुळे पचायला त्याही झटपट, डायबेटीसवाल्यांनी वाटीभर खाऊ नयेत. पण त्यात साखर नाही, मीठ नाही, धान्य अख्खं आहे आणि वजनाला इतक्या हलक्या की वाटी भरली तरी मुलाच्या पोटात थोडंच पिष्ट जातं. सोबत दाण्याचं कूट किंवा बदाम घातले की भूकही टिकते.

कोलशेतची_प्राजू:

सगळ्यांचे मनापासून आभार, आज पाच दिवसांनी लिहितेय कारण आधी सगळं करून बघायचं होतं.

वजन केलं. फराळाच्या वेळी घेतलेला छोटा डिजिटल काटा आहे माझ्याकडे, त्यावर त्याची निळी वाटी ठेवली, शून्य केलं आणि त्याला म्हटलं रोजच्यासारखं तूच भर. ५४ ग्रॅम. मी परत केलं, परत ५४. मग ३० ग्रॅम मोजून ओतलं तर वाटीचा तळ जेमतेम झाकला, तो म्हणाला आई एवढंच का. ५४ ग्रॅमला साखर १६ ग्रॅमच्या वर जाते. चमच्याने साखर काढून बशीत ठेवली, माझ्या चमच्याने चार चमचे झाले. दुधात कुणी चार चमचे साखर घालून दिली असती तर मी ओरडले असते, आणि मी वर्षभर रोज देत होते. सासूबाई बघत होत्या, त्यांनी काही ऐकवलं नाही, बशीतली साखर उचलून परत डब्यात टाकली आणि म्हणाल्या आता काय करायचं ते ठरवू.

पाकीट फेकलं नाही. ऐरोलीताईंचं ऐकलं, एकदम बंद केलं असतं तर तो उपाशीच गेला असता. सोमवारी तीन भाग शंख आणि एक भाग राजगिऱ्याच्या लाह्या, काही बोलला नाही. बुधवारी निम्मे-निम्मे केले तर शंख वेचून खाल्ले आणि लाह्या दुधात मऊ होऊन तळाशी राहिल्या. गुरुवारी सासूबाईंनी लाह्या कढईत कोरड्या परत गरम करून कुरकुरीत केल्या, वर केळ्याच्या चकत्या आणि दोन खजूर बारीक चिरून, आणि त्याला वाटीला कान लावायला सांगितलं. मावशी, तुमचा तो आवाज! तो ऐकत बसला आणि ऐकता ऐकता अर्धी वाटी खाल्ली. आज शुक्रवार, शंख दहा मोजून वरून टाकले, बाकी लाह्या, सगळं संपवलं. चुंबकाचा प्रयोग रविवारी करणार आहोत.

वर्तकनगरच्या काकांचं वाचून माझ्या वडिलांना फोन केला, ते पण कॉर्नफ्लेक्सच खातात, उद्या मीटर घेऊन जातेय.

आता एकच विचारायचंय, बाजारातल्या लाह्या कधीकधी सादळलेल्या मिळतात. मावशी, राजगिरा घरी फोडता येतो का? मी काल केला तर निम्मा करपला आणि निम्मा तसाच राहिला.

नौपाडा_सुमनमावशी:

येतो की. तू कढईत एकदम मूठभर टाकला असशील, तिथेच बिघडतं. जाड बुडाची कढई चांगली तापव, पाण्याचा थेंब टाकला की उडाला पाहिजे, मग एका वेळी एकच चमचा राजगिरा टाक आणि सुती फडक्याचा बोळा करून त्याने हलक्या हाताने फिरवत राहा. सात-आठ सेकंदांत पांढरा होऊन उडायला लागतो, लगेच ताटात काढ, फुटण्याची वाट बघत थांबलीस की करपलाच. प्रत्येक चमच्यानंतर तळाशी राहिलेले काळे दाणे पुसून घे. गार झाल्यावर चाळणीने चाळ, न फुटलेले दाणे खाली पडतात, ते भाजणीत घालायचे. सासूबाईंना चमचा टाकायला बसव आणि तू बोळा फिरव, एकटीने दोन्ही जमत नाही.